गुणपत्रिका आणि मनाचे आजार

आठवीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांत असणारा एखादा मुलगा नववीत मागे पडू लागतो, ही गोष्ट दिंद्रुडसारख्या गावातल्या शाळेत काही नवलाची नाही. लोक कारणेही चटकन सांगतात. कोणी म्हणतो संगत बिघडली, कोणी म्हणतो मोबाइलने घात केला, कोणी 'वयच तसले' म्हणून सोडून देतो, तर एखादी आजी हळूच 'बाहेरचे काहीतरी आहे' असेही सुचवते. यांतले पहिले एखादे कारण खरे असूही शकेल. परंतु शास्त्रज्ञांनी या बाबतीत एक निराळाच प्रश्न विचारला आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या गुणपत्रिकेचा आणि पुढे विशी-पंचविशीत होणाऱ्या मनाच्या गंभीर आजाराचा काही संबंध असतो काय?

प्रश्न नाजूक आहे. त्याचे अर्धवट उत्तर ऐकून एखादा विद्यार्थी उगीच घाबरेल, किंवा एखाद्या मागे पडलेल्या मुलाला वर्गात चिडवले जाईल. म्हणून पूर्ण उत्तर समजून घेतले पाहिजे, आणि त्यासाठी थोडे गणित करावे लागेल.

आधी आजार कोणते ते पाहू. पहिला छिन्नमनस्कता, म्हणजेच स्किझोफ्रेनिया. या आजारात माणसाला प्रत्यक्षात नसलेले आवाज ऐकू येतात, लोक आपल्याविरुद्ध कट करीत आहेत असे वाटते, विचारांची साखळी तुटते. एका माणसात दोन माणसे राहतात असा जो समज चित्रपटांनी पसरवला, तो साफ चुकीचा आहे. ज्यांना या विषयावरचा नेटका मराठी चित्रपट पाहायचा असेल त्यांनी सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा 'देवराई' (२००४) पाहावा. दुसरा आजार द्विध्रुवी विकार. यात काही काळ मन उन्मादाच्या टोकाला जाते. झोप नको, बोलणे थांबत नाही, मोठमोठे बेत चालतात. मग काही काळ ते अवसादाच्या, म्हणजे खोल उदासीच्या टोकाला जाते. दोन्ही आजार बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतात, आणि दोन्हींवर औषधोपचार आहेत.

आता प्रश्न असा की, शाळेतल्या प्रगतीशी यांचा संबंध तपासायचा कसा? तुम्हांला वाटेल, रुग्णांच्या आईवडिलांना विचारावे की तुमचा मुलगा शाळेत कसा होता. पण ही पद्धत कच्ची आहे. आजार झाल्यावर घरचे लोक मागचे सारे त्या आजाराच्या उजेडातच आठवतात. 'तो लहानपणापासूनच एकटा एकटा असायचा', असे सांगतात, आणि तसाच एकटा राहणारा, पण पुढे ठणठणीत राहिलेला त्याचा मित्र कोणाच्याच लक्षात नसतो. प्रयोगशाळेत आपण निरीक्षण त्याच क्षणी वहीत का लिहायला लावतो? उत्तर कळल्यानंतर लिहिलेले निरीक्षण उत्तराकडे झुकते म्हणून. गुणपत्रिकेचे महत्त्व नेमके इथे आहे. ती लिहिणाऱ्या शिक्षकाला मुलाचे भविष्य ठाऊक नसते.

मात्र अशा अभ्यासाला दोन गोष्टी लागतात. आजार विरळा असल्यामुळे मुले हजारोंनी किंवा लाखांनी लागतात, आणि त्यांच्यामागे दहा-पंधरा वर्षे चिकाटीने जावे लागते.

ब्रिटनमध्ये मार्च १९४६ च्या एका आठवड्यात जन्मलेल्या हजारो मुलांची नोंद ठेवण्यात आली आणि ती पुढे आयुष्यभर चालू राहिली. पीटर जोन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली त्यांतील ४,७४६ जणांची माहिती तपासली. त्यांपैकी ३० जणांना पुढे छिन्नमनस्कता झाली होती. या तीस जणांना आठव्या, अकराव्या व पंधराव्या वर्षी शाळेतल्या चाचण्यांत सरासरीने इतरांपेक्षा कमी गुण पडले होते. त्यांची पहिली पावलेही सरासरीने महिनाभर उशिरा पडली होती. 'सरासरीने' हा शब्द मी मुद्दाम पुन्हा लिहिला. एखादे मूल उशिरा चालले म्हणून काळजी करण्याचे कारण नाही. शेकडो निरोगी मुले उशिरा चालतात.

तीस ही संख्या लहान आहे. मोठी संख्या स्वीडनने पुरवली. तेथे प्रत्येक नागरिकाला जन्मापासून एक क्रमांक असतो. शाळेचा निकाल, रुग्णालयातील नोंद, सारे त्याच क्रमांकाखाली जमा होते. जेम्स मॅककेब व सहकाऱ्यांनी १९७३ ते १९८३ या काळात जन्मलेल्या ९,०७,०११ मुलांचे सोळाव्या वर्षीचे शालेय निकाल घेतले आणि पुढे त्यांतील कोण मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल झाले ते पाहिले. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे आढळले की, ज्यांचे निकाल फार कमी होते त्यांच्यात छिन्नमनस्कतेचे प्रमाण सुमारे चौपट होते.

इथे 'ढ मुलांचे असेच होते' असे म्हणून कोणी मासिक मिटू नये. कारण याच मंडळींनी २०१० साली दुसरा निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि तो पालकांच्या डोक्यातली गणिते उलटी करणारा आहे. या वेळी त्यांनी ७,१३,८७६ मुले घेतली आणि द्विध्रुवी विकार पाहिला. सर्वांत जास्त धोका कोणाला? तर उत्कृष्ट गुण मिळवणाऱ्यांना! मध्यम गुणांच्या मुलांशी तुलना करता त्यांच्यात हे प्रमाण जवळजवळ चौपट होते. हा फरक मुलग्यांत विशेष दिसला, आणि विज्ञानविषयांपेक्षा भाषा व मानव्य विषयांत अधिक ठळक होता. अगदी कमी गुण मिळवणाऱ्यांतही धोका वाढलेला होता, पण दुपटीच्या आतच. म्हणजे आलेख काढला तर मधे खोलगट आणि दोन्ही टोकांना वर चढणारा, घमेल्याच्या कडांसारखा आकार मिळतो.

नावाजलेली उदाहरणेही आहेत. जॉन नॅश या अमेरिकन गणितज्ञाने १९५० साली, बाविसाव्या वर्षी डॉक्टरेट मिळवली. १९५९ मध्ये त्याला छिन्नमनस्कतेने गाठले, आणि १९९४ मध्ये त्याला अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे बिहारचे वशिष्ठ नारायण सिंह यांनी १९६९ साली बर्कलेहून गणितात डॉक्टरेट मिळवली. त्यांची पुढली कित्येक वर्षे याच आजारात गेली. २०१९ मध्ये ते वारले आणि २०२० मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली. छिन्नमनस्कतेचा संबंध सरासरीने कमी गुणांशी असला तरी हे दोघेही कधी कमी गुणांचे विद्यार्थी नव्हते. सरासरीचा नियम एकेका माणसावर लावता येत नाही, तो असा.

आता 'चौपट' या शब्दाची झडती घेऊ. मी भौतिकशास्त्र शिकवतो, वैद्यक नव्हे. पण आकड्यांना घाबरणे आणि आकड्यांवर भाळणे या दोन्ही खोडी शास्त्राच्या प्रत्येक शाखेत सारख्याच नडतात. द्विध्रुवी विकाराच्या त्या अभ्यासात ७,१३,८७६ मुलांपैकी आजारामुळे रुग्णालयात दाखल झालेले एकूण २८० होते. भागाकार करून पाहा. दर दहा हजारांत सुमारे चार. याची चौपट म्हणजे दर दहा हजारांत सोळा. म्हणजे दहा हजार हुशार मुलांतील ९,९८४ मुलांना त्या काळात हा आजार झाला नाही. लहान संख्येची चौपटही लहानच असते. कोणी तुम्हांला 'इतके पट धोका' असे सांगितले की पहिला प्रश्न विचारा, कशाच्या इतके पट?

दुसरा हिशेब याहून मजेशीर आहे. तो कागदावर करा. यातील आकडे केवळ हिशेबासाठी धरले आहेत. समजा १०,००० विद्यार्थी आहेत. त्यांतील १,००० फार कमी गुणांचे आणि उरलेले ९,००० बऱ्या किंवा चांगल्या गुणांचे. समजा बऱ्या गटात आजाराचे प्रमाण हजारी ५ आहे, आणि कमी गुणांच्या गटात त्याच्या चौपट, म्हणजे हजारी २०. तर कमी गुणांच्या १,००० पैकी आजारी पडतील २०. उरलेल्या ९,००० पैकी आजारी पडतील ४५. एकूण रुग्ण ६५, आणि त्यांतले ४५, म्हणजे दोन-तृतीयांशांहून अधिक, बऱ्या गुणांच्या मुलांतून आले! धोका कमी असलेल्या गटातून रुग्ण जास्त आले, कारण तो गटच मोठा आहे. शिवाय कमी गुणांच्या हजारातील ९८० जणांना काहीच झाले नाही. तेव्हा नापास मुलांची यादी करून त्यांच्यावर 'लक्ष ठेवण्याची' योजना कोणी काढली, तर तिच्यात बहुसंख्य निरोगी मुलांना विनाकारण शिक्का बसेल आणि बहुसंख्य भावी रुग्ण यादीबाहेरच राहतील.

मग गुणपत्रिकेचा काहीच उपयोग नाही काय? आहे, पण वेगळ्या तऱ्हेने पाहिले तर.

नववीत तुम्ही स्थान आणि वेग यांतला फरक शिकता. गाडी कुठे आहे हे एक, आणि ती कोणत्या दिशेने किती जोरात चालली आहे हे दुसरे. दोन विद्यार्थी घ्या. एकाला पाचवीपासून सातत्याने ४५ टक्क्यांच्या आसपास गुण आहेत. दुसऱ्याला सातवीत ८२, आठवीत ७८, नववीत ६१ टक्के मिळाले. शिक्षकांच्या खोलीत काळजी पहिल्याची होते, कारण त्याचा आकडा लहान आहे. दुसरा अजूनही 'फर्स्ट क्लास'मध्ये आहे म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. पण स्वतःच्याच जुन्या रेषेपासून खाली सरकलेला मुलगा दुसरा आहे.

ही केवळ उपमा नव्हे. मॅककेब यांच्याच गटाने २०१३ साली १०,७१७ स्वीडिश मुलग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या मुलांची बौद्धिक चाचणी तेराव्या वर्षी व पुन्हा अठराव्या वर्षी झाली होती. जे या पाच वर्षांत भाषिक क्षमतेच्या बाबतीत आपल्या बरोबरीच्यांच्या तुलनेने मागे पडले, त्यांच्यात पुढे छिन्नमनस्कतेचे प्रमाण जास्त आढळले. अठराव्या वर्षीच्या नुसत्या गुणांपेक्षा ही घसरण अधिक बोलकी ठरली. येथे घसरण सापेक्ष आहे, हे विसरू नका. त्या मुलांचे ज्ञान कमी झाले असे नव्हे. इतर मुले भराभर पुढे गेली आणि ही तितकी गेली नाहीत.

असे का व्हावे? किशोरवयात मेंदूत मोठी उलथापालथ चालू असते. लहानपणी मेंदूतील पेशींमध्ये गरजेहून कितीतरी अधिक जोडण्या तयार होतात. पीटर हुटेनलोकर यांनी १९७९ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष मोजून दाखवले की, मेंदूच्या पुढच्या भागातील या जोडण्यांची दाटी बालपणी सर्वांत जास्त असते आणि मोठे होताना ती कमी होते. कपाशीची किंवा बाजरीची विरळणी तुम्ही पाहिली असेल. दाट उगवलेली जादा रोपे उपटली म्हणजे राहिलेली जोमाने वाढतात. मेंदूही तसेच करतो. वापरातल्या जोडण्या ठेवतो, बाकीच्या काढून टाकतो. ही विरळणी काही जणांत प्रमाणाबाहेर होऊन शेतात नांग्या पडाव्यात तसे होत असेल, अशी कल्पना आयर्विन फाइनबर्ग यांनी १९८२-८३ च्या सुमारास मांडली. २०१६ साली या कल्पनेला बळ देणारा पुरावा मिळाला. सी-फोर नावाच्या जनुकाची काही रूपे छिन्नमनस्कतेचा धोका थोडा वाढवतात, आणि हे जनुक जोडण्या छाटण्याच्या कामात भाग घेते. 'थोडा' या शब्दाकडे लक्ष असू द्या. ते रूप असलेले बहुतेक लोक निरोगीच असतात.

याचा एक अर्थ असा की, आवाज ऐकू येणे वगैरे ठळक लक्षणे दिसण्याच्या आधीच एकाग्रता, स्मरण आणि भाषा यांवर ताण पडू लागतो. गुण घसरतात ते आजाराची चाहूल म्हणून. कमी गुणांमुळे आजार होतो असे नव्हे. पावसाळ्यात वायुभारमापकातला पारा उतरतो, पण पारा उतरल्यामुळे वादळ येत नाही. नापास झाल्याने वेड लागते, या जुन्या समजाला या अभ्यासांत आधार नाही.

आता स्वीडनहून बीड जिल्ह्यात येऊ. आपल्या माजलगाव, धारूर, वडवणी भागात गुण घसरण्याची इतर कारणे इतकी आहेत की पारा कशाने उतरला हे आधी शोधावे लागते. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या घरातील मूल चार-पाच महिने कारखान्याच्या फडावर कोपीत राहते. आईबाप कोयता धरतात, ते मूल धाकट्या भावंडाला सांभाळते. परत आल्यावर त्याचा भूमितीचा अर्धा भाग राहिलेला असतो. ही घसरण मेंदूतली नव्हे, मुकादमाकडून घेतलेल्या उचलीतली आहे. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलेल्या मुलाला वेगळ्या तऱ्हेचा ताण असतो. शिवाय डोळ्यांना चष्मा लागलेला असतो आणि कोणाला कळलेले नसते. मुलींच्या अंगात रक्त कमी असते. काहींचे लग्न ठरवण्याच्या गोष्टी घरात सुरू झालेल्या असतात. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी आईवडिलांचे शिक्षण, आर्थिक स्थिती अशा गोष्टींचा परिणाम गणिताने वेगळा काढला होता. आपल्याला तो वेगळा काढायचा तर मुलाशी बोलूनच काढावा लागेल.

आणखी एक गोष्ट. या वयात छिन्नमनस्कतेपेक्षा कितीतरी अधिक आढळणारे आजार म्हणजे अवसाद व अतिचिंता. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत पाहणी केली. (महाराष्ट्र त्यांत नव्हता.) त्या पाहणीत १३ ते १७ वर्षे वयाच्या मुलांत मानसिक आजारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात चार. यांतले बहुतेक आजार योग्य मदतीने बरे होणारे असतात, आणि त्यांच्यातही अभ्यास मागे पडणे हे बाहेरून दिसणारे पहिले चिन्ह असू शकते.

शिक्षकांसाठी थोडे. एका चाचणीच्या गुणांवरून काहीही ठरवू नये. एका बिंदूवरून रेषा काढता येत नाही. पण दोन-तीन परीक्षांत मूल स्वतःच्याच रेषेखाली गेले असेल, तर प्रगतिपुस्तकावर 'लक्ष देत नाही' हा शेरा मारण्यापूर्वी त्याला बाजूला घेऊन बसावे. गुणांबरोबर आणखी काही बदलले आहे का ते पाहावे. रात्र-रात्र जागणे, आंघोळ व कपड्यांची हेळसांड, जिवलग मित्रांनाही टाळणे, एकट्याने हसणे किंवा पुटपुटणे, लोक आपल्याविषयीच बोलतात असा संशय, पूर्वी सुरेख निबंध लिहिणाऱ्याच्या वाक्यांची एकमेकांशी संगती तुटणे. उलट टोकाला, सलग काही दिवस दोन-तीन तास झोपूनही न थकणे आणि अखंड बोलणे. यांतले एखादे चिन्ह कोणातही दिसेल. बरीच चिन्हे एकत्र, आणि आठवडेच्या आठवडे दिसली, तर डॉक्टरांना दाखवावे. मुलगा गांजा ओढत असेल तर अधिकच लवकर. कारण स्वीडनमध्येच लष्करभरतीच्या तरुणांवर झालेल्या आणि १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गांजाचा व छिन्नमनस्कतेचा संबंध आढळला होता.

आणि तुम्हां विद्यार्थ्यांपैकी कोणाला हे वाचताना 'हे तर माझेच वर्णन' असे वाटले, तर एवढेच करा. आईला, वडिलांना, नाहीतर ज्या सरांशी किंवा बाईंशी मोकळेपणाने बोलता येते त्यांना सांगा. वैद्यकाची पुस्तके वाचणाऱ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना निम्मे आजार आपल्याला झाल्यासारखे वाटतात, तसेही ते असू शकेल. पण ते ठरवायचे काम डॉक्टरांचे.

खरी अडचण पुढेच असते. मूल आधी देवऋषीकडे नेले जाते, अंगारे-धुपारे होतात, आणि वर्ष निघून जाते. उपचाराविना गेलेला काळ जितका जास्त, तितका आजार आटोक्यात आणणे कठीण, हे अनेक देशांतील निरीक्षण आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली कोणाला बांधून मारहाण करणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, आणि मनोरुग्णाला साखळीने जखडण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई आहे. राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत. मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. पण सुरुवातीच्या उपचारासाठी मनोरुग्णालयात जावेच लागते असे नाही. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे आणि बीडला जिल्हा रुग्णालय. तेथे केसपेपर काढून मानसोपचाराची चौकशी करावी. ज्यांना लगेच जाणे जमत नाही त्यांच्यासाठी केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६. त्यावर बोलायला पैसे पडत नाहीत, आणि मराठीतून बोलता येते.